जुनी ऑस्ट्रेलियन बिअर घरच्या घरी: वहीतल्या नोंदी, साखर आणि बाकी भानगडी

यारा_काठचा

मंडळी, मागच्या गटगला (आपल्या भेटीला) कळलं की इकडचे बरेच जण घरी बिअर लावतात. कॅनमधला पाक, किलोभर साखर आणि नळाचं पाणी एवढ्यावर ज्यांचं समाधान आहे त्यांनी खुशाल पुढे जावं. हा धागा त्यापुढच्या खुळासाठी आहे.

माझं सध्याचं खूळ म्हणजे जुन्या ऑस्ट्रेलियन बिअर. साधारण १८८० ते १९१४ या काळातल्या. आज पबमध्ये जी थंडगार लागर (कमी तापमानात सावकाश आंबवलेली बिअर) 'ऑस्ट्रेलियन बिअर' म्हणून मिळते, ती तेव्हा नवखी पाहुणी होती. फॉस्टर बंधू अमेरिकेतून मेलबर्नला आले, बर्फयंत्रं लावून त्यांनी कॉलिंगवूडला १८८८ मध्ये लागर बनवायला घेतली, आणि लवकरच सगळं विकून चालतेही झाले. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं इथला माणूस प्यायचा ती एल. वरच्या थराला आंबणारी, पिंपातली, तशी बऱ्यापैकी कडक.

माहिती कुठे मिळते असं विचारण्याआधीच सांगतो. नॅशनल लायब्ररीच्या ट्रोव्ह या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात. सिडनीच्या टूथ कंपनीचं दप्तर कॅनबेराला ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या नोएल बटलिन अभिलेखागारात आहे. अशा जुन्या दप्तरात डोकावलं की पहिली ठेच लागते ती मापांची. माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू) क्वार्टर किंवा बुशेलमध्ये, हॉप्स (कडवटपणा देणारी वेलाची फुलं) पौंडात, बिअर पिंपात किंवा हॉग्जहेड नावाच्या मोठ्या पिंपात, आणि ग्रॅव्हिटीच्या (म्हणजे घनतेच्या) रकान्यात '२०' असला काहीतरी आकडा. हे २० म्हणजे काय?

तर असं. पिंप ३६ गॅलनचं, गॅलनभर पाण्याचं वजन १० पौंड, म्हणजे पिंपभर पाणी ३६० पौंड. तेच पिंप वॉर्टने (माल्टच्या न आंबलेल्या गोड रसाने) भरलं आणि ते ३८० पौंड भरलं, तर नोंद होते २०. आता ३८० भागिले ३६० करा, १.०५५६ येतं. म्हणजे आपल्या हायड्रोमीटरवर (घनता मोजायची नळी, पाण्याला १००० दाखवते) १०५६ च्या जवळपास. पटकन हिशेब हवा असेल तर वहीतल्या आकड्याला २.७८ ने गुणा, १००० च्या वरचे अंश मिळतात. हॉप्सचंही तसंच: पिंपामागे १ पौंड म्हणजे लिटरला पावणेतीन ग्रॅम, आपल्या २३ लिटरच्या घाण्याला ६४ ग्रॅम. माल्टच्या क्वार्टरला मात्र जपा. इंग्लंडात तो ३३६ पौंडांचा. इथल्या वहीत बुशेल दिसला तर तो ४० पौंडांचा धरतात, आणि मग आठ बुशेलचा क्वार्टर ३२० वर येतो.

आता साधी सुरुवातीची कृती देतो. ही कुठल्याही एका वहीची नक्कल नाही, त्या काळच्या पद्धतीने बांधलेली आहे:

२३ लिटरसाठी पेल माल्ट ४ किलो, पांढरी साखर ७०० ग्रॅम. ६६ अंशांवर तासभर मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवायचं. उकळी फुटल्यावर ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचं हॉप (५ टक्के अल्फावालं, अल्फा म्हणजे कडवटपणा देणारं आम्ल) ४५ ग्रॅम, शेवटची २० मिनिटं राहिली की अजून २० ग्रॅम. साखर उकळी संपत आली की घालायची, ढवळत ढवळत, नाहीतर तळाला जाऊन बसते आणि करपते. ग्रॅव्हिटी १०५० च्या आसपास यावी. यीस्ट कूपर्स कंपनीच्या बिअरच्या बाटलीतलं.

मेलबर्नचं पाणी फार मऊ आहे. त्यात चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम जिप्सम टाका, कडवटपणाला धार येते. ॲडलेडकरांनी हे करू नये, त्यांच्या पाण्यात आधीच पुष्कळ काही आहे.

लिहा आता, कोणी काय करून पाहिलंय?

---

सोनचाफा

रुमाल टाकून ठेवते. बिअर पीत नाही पण नवऱ्याने गॅरेजचा कारखाना करून ठेवलाय, त्याला हा धागा दाखवते. आमच्याकडे एकदा फर्मेंटरचं (बिअर आंबवायच्या पिंपाचं) झाकण उडून छताला डाग पडलेत ते अजून आहेत.

---

म्युनिककर

यारा, लेख छान, पण ७०० ग्रॅम साखर?? आमच्याकडे बव्हेरियात १५१६ पासून नियम आहे: सातू, हॉप्स, पाणी. साखर घालून पातळ केलेल्या बिअरला 'ऐतिहासिक' म्हणून कौतुक करायचं म्हणजे दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याचा सत्कार करण्यासारखं आहे. जुन्या काळी माल्ट महाग म्हणून काटकसर केली, एवढाच त्याचा अर्थ.

---

पेठेतला

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

यारा_काठचा

म्युनिककर, तुम्ही येणार याची खात्री होती :)

काटकसर हे एक कारण होतंच, नाकारत नाही. पण तेवढंच असतं तर महागड्या, बाटलीबंद, खास लोकांसाठीच्या बिअरमध्ये साखर दिसली नसती. ती तिथेही दिसते. खरं दुखणं सातूचं होतं. इथल्या उन्हात, कमी पावसात पिकलेल्या सातूच्या दाण्यात प्रथिनं जास्त आणि पिठूळपणा कमी. नुसत्या त्या माल्टची बिअर करा, ती गढूळ राहते, लवकर निवळत नाही आणि उन्हाळ्यात पटकन खराब होते. यीस्टला खायला नको असलेली प्रथिनं तशीच शिल्लक राहतात, त्यांच्यावर नको ते जंतू पोसले जातात. इंग्लंडात हीच बिअर तळघरात महिने-महिने ठेवून निवळू द्यायची सोय होती. सिडनीच्या जानेवारीत ३५ अंशांत कुठे ठेवणार? साखरेत प्रथिनं शून्य. एकूण साखरेपैकी पाव भाग उसाचा झाला की वॉर्टमधलं प्रथिनांचं प्रमाण तेवढ्याने उतरतं. बिअर लवकर निवळते, अंगाने हलकी होते, आणि उकाड्यात माणसाला हलकीच हवी असते.

आणि साखर हाताशी होती. आधी मॉरिशसहून यायची, मग क्वीन्सलंड आणि उत्तर न्यू साउथ वेल्समध्ये ऊस उभा राहिला. सिडनीची कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनी १८५५ ची. तेव्हा इथला ब्रूअर साखर वापरतो यात लाजण्यासारखं काही नाही. जो माल मिळतो, जी हवा आहे, त्यात पिण्यालायक वस्तू कशी काढायची हा त्याचा प्रश्न होता. जुनी ऑस्ट्रेलियन बिअर साखर वगळून करायची तर ती जुनी इंग्लिश बिअर होईल, आणि ती करणारे जगात पुष्कळ आहेत.

माझं तर म्हणणं आहे की कृतीतला हॉप्सचा आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, साखरेला हात लावू नका.

---

म्युनिककर

प्रथिनांचा मुद्दा मान्य. मला तो माहीत नव्हता असं समजू नका, फक्त मान्य करायला जिवावर आलं. पण मग आज तुम्ही जे माल्ट वापरता ते तर उत्तम प्रतीचं, प्रथिनं कमी असलेलं आहे. त्यात साखर कशाला?

---

यारा_काठचा

रास्त प्रश्न. चव त्या वाटेने घडली म्हणून. आजच्या माल्टमध्ये साखर घातली की बिअर जुन्यापेक्षाही जरा पातळ होते, हे खरं. मी म्हणून मॅश ६६ वरून ६७-६८ ला नेतो, थोडं अंग राहतं. काही जण जास्त प्रथिनं असलेलं सहा-ओळी सातूचं माल्ट मिळवून त्यात मिसळतात. मला ते इथे सहज मिळत नाही, त्यामुळे त्या फंदात पडत नाही.

---

हळदीचं_पान

साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ चालेल का? भारतीय दुकानात ढेप मिळते.

---

यारा_काठचा

१८९० ची नक्कल करायची असेल तर नको. तोवर शुद्ध केलेली साखर सर्रास मिळत होती. पण १८५० च्या आसपासची, मॉरिशसची कच्ची, मळीवाली साखर डोळ्यांसमोर असेल तर गूळ त्याच्या बराच जवळ जातो. काळपट गूळ घ्या, पिवळाधमक नको. गुळात ओल असते म्हणून साखरेपेक्षा शंभरेक ग्रॅम जास्त लागेल. आणि उकळताना वर येणारा काळा साका काढून टाका, आपल्याकडे काकवी करताना काढतात तसाच.

---

बाबुराव_टास्मान

होबार्टहून. हॉप्सबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून मी तोंड उघडतो.

हल्लीच्या 'ऑस्ट्रेलियन एल'च्या प्रत्येक कृतीत प्राइड ऑफ रिंगवूड लिहिलेलं असतं. ते हॉप व्हिक्टोरियातल्या रिंगवूडला कार्लटन अँड युनायटेडच्या लोकांनी पैदा केलं आणि शेतांत पसरलं १९६० च्या दशकात. मुळात इंग्लिश प्राइड ऑफ केंटचं पोर. त्या काळात त्याच्याएवढं कडू व्यापारी हॉप क्वचितच होतं, कमी वापरून काम भागायचं, म्हणून सगळे त्यावर तुटून पडले. तेव्हा १९६० च्या आधीच्या बिअरमध्ये ते टाकलं की संपलं. पंचवीस ग्रॅममध्ये तेवढाच कडवटपणा मिळेल हो, पण मातकट, काहीसा तुरट वास येतो तो तुमच्या १८९० ला शोभत नाही. यारांनी गोल्डिंग्ज लिहिलंय ते योग्य.

मात्र सगळं हॉप इंग्लंडहून यायचं असंही नाही. इकडे डर्वेंट खोऱ्यात बुशी पार्कला शूब्रिज घराण्याने १८६० च्या दशकात हॉप्सची शेती उभी केली. आजही तिथून जाताना जुन्या, विटांच्या भट्ट्या दिसतात, ज्यात हॉप्स वाळवायचे. मार्चमध्ये काढणीच्या वेळी गाडीच्या काचा खाली केल्या की वास आत येतो.

अजून एक. जुन्या वहीत कधी कधी गेल्या वर्षाचं हॉप आणि यंदाचं हॉप असं वेगळं लिहिलेलं असतं. त्याकडे दुर्लक्ष करू नका. वर्षभर गोणीत पडलेल्या हॉप्सचा कडवटपणा बराच उतरलेला असतो. आपण फ्रीजरमधून निर्वात पाकिटातलं ताजं हॉप काढून तेवढ्याच वजनाने घातलं तर बिअर जुन्यापेक्षा कडू होणारच. मी जुन्या हॉपच्या नोंदीतून चौथा हिस्सा कापतो.

---

यारा_काठचा

बाबुराव, हे सोनं आहे. चौथा हिस्सा कापायचा हे लिहून घेतलं.

---

चिंगी_पुणे

वाचायला जाम मजा येते आहे. मी पुण्यात, त्यामुळे करून बघायचा प्रश्नच नाही: महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरात बिअर बनवणं गुन्हा आहे. तिकडे सगळं मोकळं आहे का? आणि अगदी पहिली बिअर कुठली? मी कुठेतरी वाचलं की ती मक्याची होती.

---

यारा_काठचा

चिंगी, इथेही पूर्वी घरी बिअर करायला बंधन होतं. पंतप्रधान व्हिटलमच्या सरकारने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते उठवलं. आता स्वतःसाठी हवी तेवढी करा, विकायची मात्र नाही. आणि गाळायची नाही. घरी दारू गाळणं परवान्याशिवाय आजही गुन्हाच आहे.

मक्याची गोष्ट खरी. १७९६ मध्ये जॉन बॉस्टन नावाच्या माणसाने सिडनीत बिअर केली. सातू नव्हता, म्हणून मक्याला मोड आणून त्याचं माल्ट केलं. हॉप्स नव्हते, म्हणून कडवटपणासाठी 'लव्ह ॲपल'ची पानं आणि देठ घातले. डेव्हिड कॉलिन्सने वसाहतीच्या इतिहासात ते नोंदवून ठेवलंय. हा बॉस्टन पुढे टोंगा बेटांवर मारला गेला, पण बिअरमुळे नव्हे.

त्यानंतर जेम्स स्क्वायर. १७८८ च्या पहिल्या ताफ्यातून आलेला कैदी, इंग्लंडात कोंबड्या चोरल्या म्हणून. इथे आल्यावर १७८९ मध्ये सरकारी भांडारातून मिरी आणि होरहाउंड चोरल्याबद्दल त्याला फटक्यांची शिक्षा झाली. होरहाउंड ही कडू वनस्पती, त्यामुळे ती बिअरसाठीच चोरली असावी अशी त्याच्या चाहत्यांची समजूत. सुटल्यावर त्याने पॅरामाटा नदीकाठी किसिंग पॉइंटला भट्टी आणि खानावळ टाकली, आणि १८०६ पर्यंत हॉप्सचे वेल वाढवून दाखवले. गव्हर्नर किंगने खूश होऊन त्याला सरकारी गोठ्यातली एक गाय बक्षीस दिली. चोरीला फटके आणि हॉप्सला गाय.

---

चिंगी_पुणे

गाय! :) पण लव्ह ॲपल म्हणजे टोमॅटोच ना? म्हणजे कोणी बॉस्टनची बिअर हुबेहूब करायची म्हटली तर टोमॅटोची पानं उकळायची?

---

औषधवाली

मध्ये बोलते. नाही उकळायची. टोमॅटोच्या पानांत आणि देठांत टोमॅटिन नावाचा अल्कलॉइड असतो, बटाट्याच्या हिरव्या सालीत असतो त्याच्या नात्यातला. थोड्याशाने कोणी मरत नाही, पण मळमळ, उलट्या, पोटात मुरडा होऊ शकतो, आणि २३ लिटरमध्ये किती उतरला हे घरी मोजायचं साधन कोणाकडे नाही. त्यात कॉलिन्सने त्याच वाक्यात त्या झाडाला वसाहतीत केप गूजबेरी म्हणतात असंही लिहिलंय. म्हणजे त्याने नेमकं कुठलं झाड पाहिलं, यावरच वाद आहे. बॉस्टन करायचा असेल तर मका घ्या, कडवटपणा दुसरीकडून आणा.

---

म्युनिककर

आणि मक्याच्या माल्टने काम होतं का? मक्यातल्या स्टार्चला फुगायला ७० अंशांच्या पुढे जावं लागतं, तोवर स्टार्च तोडणारी एन्झाइम्स मरायला लागतात.

---

यारा_काठचा

बरोबर बोट ठेवलंत. म्हणून नुसत्या मक्यावर अवलंबून राहू नका. मक्याचा रवा पाण्यात अर्धा तास रटरट शिजवा, खिरीसारखा झाला पाहिजे, मग तो सातूच्या मॅशमध्ये ओता म्हणजे त्याची एन्झाइम्स मक्यालाही पुरतात. मी तिसरा हिस्सा मका, बाकी पेल माल्ट घेतो. भांडं मोठं घ्या, मक्याची खीर उतू जाताना दया दाखवत नाही. शिजवायचा कंटाळा असेल तर पोह्यासारखा चपटा केलेला मका मिळतो, तो थेट मॅशमध्ये जातो. बॉस्टनच्या बिअरला काय चव असेल याची कल्पना येण्यापुरतं हे ठीक आहे. गोडसर, पिवळी, फेस टिकत नाही. एकदा करून पाहावी अशी, दुसऱ्यांदा नाही.

---

आजोबा_ब्रिस्बेन

मी १९६४ साली सिडनीत आलो. सहा वाजता बार बंद व्हायचा जमाना न्यू साउथ वेल्समध्ये १९५५ ला संपला होता, पण मेलबर्नला कामानिमित्त गेलं की तिथे १९६६ पर्यंत तेच. पाचला कारखाना सुटला की सहापर्यंत माणसं जेवढी पोटात मावेल तेवढी बिअर ढकलायची. काउंटरमागून नळीने ग्लास भरत सुटायचे. तुम्ही बिअर हलकी आणि थंड का झाली याचा विचार करताना या एका तासाचाही करा. चवीने पिण्याची उसंत कोणाला होती?

आणि न्यू साउथ वेल्समध्ये 'ओल्ड' नावाची काळी बिअर अजून मिळते, टूहीज कंपनीची. ती अजून जुन्या पद्धतीच्या एल यीस्टवरच आंबवतात. घरी खटाटोप करण्याआधी ती एकदा प्या, जिभेला अंदाज येईल.

---

यारा_काठचा

आजोबा, हे माझ्या यादीत नव्हतं. आभार.

---

सोनचाफा

नवऱ्याचा प्रश्न: यीस्ट बाटलीतून कसं काढायचं? त्याला पाकिटातलंच माहीत आहे.

---

बाबुराव_टास्मान

मी सांगतो. कूपर्सची पेल एल घ्या, जितकी ताजी तितकी बरी. (कूपर्स म्हणजे ॲडलेडची, १८६२ पासूनची. संस्थापक थॉमस कूपर मूळचा यॉर्कशायरचा चांभार.) त्यांच्या एलमध्ये तळाला गाळ असतो, तो जिवंत यीस्टचा. स्पार्कलिंग एलमध्येही असतो, पण ती जास्त कडक, त्यात यीस्ट थकलेलं असतं. बाटल्या दोन दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. उघडायच्या आधी बाटलीचं तोंड आणि ओपनर सॅनिटायझरने पुसा. बिअर अलगद ग्लासात ओता, दोन बोटं शिल्लक ठेवा. ती प्या, तो कामाचा भाग आहे. उरलेला गाळ घोळवून, उकळून गार केलेल्या पातळ वॉर्टमध्ये टाका. पातळ म्हणजे अर्धा लिटर पाण्यात ५० ग्रॅम कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट. तोंडावर फॉइल सैल लावा, येता-जाता हलवत राहा. दोन-तीन दिवसांत तळाला दुधट थर बसतो. तो वाढवून दोन लिटरवर न्या, मग मुख्य घाण्यात.

तापमान १८ च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर बिअरला केळ्याचा वास येतो. आजच्या घरात फ्रिज आहे, बर्फाची बाटली आहे, सांभाळता येतं.

---

यारा_काठचा

यीस्टवरून आठवलं. बाबुरावांनी जे स्वयंपाकघरात सांगितलं, ते १८८० च्या दशकापर्यंत कोणाला शुद्ध स्वरूपात करताच येत नव्हतं. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेनने १८८३ मध्ये लागरचं एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट मिळवलं. एल करणाऱ्यांचं मत होतं की आपल्याला त्याची गरज नाही. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया ब्रुअरीत ऑगस्ट द बाव्हे नावाचा बेल्जियन रसायनतज्ज्ञ होता. त्याने १८८८ मध्ये वरच्या थराला आंबणाऱ्या बिअरसाठी शुद्ध यीस्ट वेगळं काढून वापरात आणलं, आणि इथल्या बिअरमध्ये शिरणारं रानटी यीस्टही ओळखून दाखवलं. पुढे हाच गृहस्थ ब्रोकन हिलच्या खाणींतल्या टाकाऊ गाळातून जस्त काढण्याच्या उद्योगाला लागला.

याचा आपल्याला अर्थ असा की १८८८ च्या आधीची बिअर शुद्ध यीस्टवर करणं म्हणजे ती धुऊन-पुसून करणं. तेव्हाच्या बिअरला थोडी आंबूस, थोडी चामड्यासारखी झाक असणारच. ती हवी असेल तर ब्रेट, म्हणजे ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्ट.

---

म्युनिककर

ब्रेटचं नाव निघालंच आहे तर ते बुडालेल्या जहाजाचं यीस्ट... ते खरं की जाहिरात?

---

बाबुराव_टास्मान

आमच्या शेजारचं प्रकरण आहे, आणि भारताचंही. 'सिडनी कोव्ह' हे जहाज नोव्हेंबर १७९६ मध्ये कलकत्त्याहून सिडनीला निघालं. दारू, बिअर, कापड असा माल. खलाशी बहुतेक आपले लस्कर. फेब्रुवारी १७९७ मध्ये ते टास्मानियाच्या उत्तरेला फर्नो बेटांजवळ फुटलं. ज्या बेटावर उतरले त्याला पुढे प्रिझर्व्हेशन आयलंड नाव पडलं. दारूची पिंपं माणसांपासून लांब ठेवायला शेजारच्या बेटावर नेली, ते रम आयलंड. सतरा जण मदत आणायला होडीतून निघाले, ती होडीही मुख्य भूमीवर फुटली, मग सिडनीपर्यंत किनाऱ्याने चालत. पोहोचले तिघे, त्यांत एक लस्कर होता.

जहाजातून वर काढलेल्या बंद बाटल्या लॉन्सेस्टनच्या क्वीन व्हिक्टोरिया संग्रहालयात होत्या. तिथल्या लोकांनी त्यांतून जिवंत यीस्ट वाढवलं आणि २०१८ मध्ये जेम्स स्क्वायर ब्रँडने त्यावर पोर्टर बाजारात आणली. टीकाकार म्हणतात की बुचातून नंतर काहीतरी आत शिरलं असेल. संग्रहालयाचं म्हणणं की जनुकांची ठेवण आजच्या यीस्टपेक्षा वेगळी आहे. मी ती पोर्टर प्यायलो. छान होती, पण त्यात १७९७ किती आणि आजचं माल्ट किती हे जिभेला सांगता आलं नाही.

---

हळदीचं_पान

लस्करांचं माहीत नव्हतं. त्यांच्यावर वेगळा धागा काढा बाबुराव.

---

सोनचाफा

नवरा आजच हॉप्स मागवतोय. शेवटचं विचारतो: बाटलीत साखर किती? आणि ब्रेट घालून करायची तर आमच्या नेहमीच्या फर्मेंटरमध्ये चालेल?

---

यारा_काठचा

साधी एल असेल तर ७५० मिलीच्या बाटलीला साडेचार ग्रॅम साखर. स्पार्कलिंगचा फेस हवा असेल तर ६ ग्रॅम, पण मग जाड काचेच्याच बाटल्या. बाटलीत भरण्याआधी सलग तीन दिवस ग्रॅव्हिटी तीच दिसली पाहिजे, साधारण १००८ च्या आसपास थांबते. छताचा डाग वाचून सांगतो, हे तीन दिवस चुकवू नका.

ब्रेट मात्र नेहमीच्या फर्मेंटरमध्ये अजिबात नको. ते प्लास्टिकच्या ओरखड्यांत बसतं आणि महिनोन्‌महिने हळूहळू साखर खात राहतं. त्याचा फर्मेंटर, नळी, तोटी, बाटल्या भरायची कांडी, सगळं वेगळं ठेवा आणि त्यावर लाल टेप लावा. ब्रेटवाली बिअर चार-सहा महिने फर्मेंटरमध्येच राहू द्या, ग्रॅव्हिटी पूर्ण स्थिरावल्याशिवाय बाटलीत भरू नका, आणि भरल्यावर त्या बाटल्या गॅरेजमध्ये झाकणाच्या पेटीत ठेवा.